बेचाळिसाव्या शॉटनंतर

स्वप्निल कुसाळेने बेचाळिसावी गोळी झाडली आणि पडद्यावर ९.४ हा आकडा आला. ऑलिम्पिकची अंतिम फेरी, पदक हातभर अंतरावर, आणि ९.४ म्हणजे उघड उघड कमी गुण. १ ऑगस्ट २०२४ चा तो दिवस. फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर सकाळ होती, आपल्याकडे दुपारची जेवणं चालली होती. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची फेरी शेवटाला आली होती. त्यानंतर स्वप्निलने आणखी दोनच गोळ्या झाडल्या. ९.९ आणि १०.०. एकूण ४५१.४ गुण, तिसरा क्रमांक, कांस्यपदक.

पदकाचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणल्यानंतर बहात्तर वर्षांनी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन येणारा मराठी खेळाडू. ही कहाणी आता सगळ्यांना पाठ आहे. मला लिहायचं आहे ते शेवटच्या तीन आकड्यांविषयी. ९.४, ९.९, १०.०. खेळाडूच्या मनाची मशागत झालेली असते म्हणजे नेमकं काय झालेलं असतं, हे समजून घ्यायला याहून चांगला मजकूर भारतीय खेळात मला फार थोड्या ठिकाणी सापडला आहे. पण तो वाचायचा तर आधीच्या एकेचाळीस गोळ्यांमधून जावं लागतं.

हा प्रकार मुळातच विलक्षण आहे. एकच रायफल, एकच लक्ष्य, पण शरीर तीनदा बदलायचं. त्या अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून पंधरा शॉट, मग पालथं पडून पंधरा, मग उभं राहून. लक्ष्य पन्नास मीटरवर, त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, गोळी ५.६ मिलिमीटरची. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, १०.९ ही कमाल. गोळी मध्यापासून मिलिमीटरभरही न सरकता एक दशांश गुण जातो. या हिशोबाने ९.४ म्हणजे मध्यापासून साधारण सव्वा सेंटीमीटर. पन्नास मीटरवरून सव्वा सेंटीमीटर चुकला म्हणून एखाद्याचं वर्षानुवर्षांचं काम वाया जाऊ शकतं, असा हा खेळ.

प्रत्येक स्थितीत शरीराचा शत्रू वेगळा असतो. गुडघ्यावर बसलेल्या नेमबाजाच्या दंडाला स्लिंगचा पट्टा आवळलेला असतो, आणि त्या पट्ट्यातून नाडीचे ठोके थेट रायफलीत उतरतात. साइटमधून पाहताना लक्ष्य हृदयाच्या तालावर हलताना दिसतं. पालथं पडल्यावर जमिनीचा आधार मिळतो, म्हणून तिथे सगळ्यांचेच गुण वर जातात. उभं राहिल्यावर मात्र पट्ट्याचा आधार घ्यायला परवानगीच नाही. आठ किलोपर्यंतची रायफल डाव्या हातावर तोलायची, कोपर कमरेच्या हाडाशी टेकवायचं, आणि डुलणाऱ्या शरीराने न डुलणाऱ्या ठिपक्याचा वेध घ्यायचा. नियम करणाऱ्यांनी हीच स्थिती शेवटी ठेवली आहे आणि बाद होण्याचं सत्रही तिथेच लावलं आहे. सगळ्यात अस्थिर शरीर आणि सगळ्यात मोठी भीती एकाच वेळी भेटावीत, अशी ती रचना आहे.

पात्रता फेरीत स्वप्निल सातवा होता. गुडघ्यावर १९८, पालथा १९७, उभा १९५, एकूण ५९०. आठ जण अंतिम फेरीत जातात, त्यात सातवा. अंतिम फेरीत सगळे शून्यापासून सुरू करतात, तेव्हा सातव्या क्रमांकाला अर्थ उरत नाही असं म्हणता येईल. पण रेंजवर उभ्या असलेल्या माणसाला आपण कितवे आत आलो हे माहीत असतं.

आता पहिल्या पंधरा गोळ्या. पाच-पाचच्या तीन मालिका: ५०.८, ५०.९, ५१.६. हे आकडे सावकाश वाचावेत. पदक मिळाल्यावर स्वप्निलने सांगितलं होतं की त्या सकाळी त्याने काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा पिऊन तो रेंजवर आला होता आणि छातीत जोरात धडधडत होतं. नाडी रायफलीत उतरते त्याच स्थितीत त्याला धडधडत्या छातीने सुरुवात करायची होती. ५०.८ मध्ये ती धडधड आहे. दुसऱ्या मालिकेत ती तेवढीच आहे. तिसऱ्या मालिकेत ५१.६ येतात. पंधरा गोळ्यांनंतर तो सहावा आहे, म्हणजे फलकावर सांगण्यासारखं काहीच नाही. तरीही ही चढण मला त्या फेरीतली पहिली सुंदर गोष्ट वाटते. धडधड थांबेपर्यंत तो थांबला नाही. ती चालू असतानाच काम करत राहिला, आणि काम हळूहळू तिच्या वर आलं.

पालथ्या स्थितीवर फार रेंगाळायचं कारण नाही. ५२.७, ५२.२, ५१.९. सुरेख सुरुवात, मग किंचित उतार. पंधरा गोळ्यांचे १५६.८, एकूण ३१०.१, क्रमांक पाचवा.

मग उभं राहणं. इथे आधी बदलाची धावपळ असते: पट्टा सोडायचा, बटची मापं बदलायची, साइट पुन्हा लावायची, जॅकेटची बटणं, पावलांची जागा, आणि हे सगळं घड्याळाच्या धाकात. प्रेक्षक ओरडत असतात, संगीत वाजत असतं, निवेदक दर थोड्या वेळाने क्रमवारी सांगत असतो. नेमबाजी म्हणजे शांततेचा खेळ हा समज अंतिम फेरी प्रत्यक्ष पाहिली की उरत नाही. या गदारोळात उभ्याने पहिल्या पाच गोळ्या ५१.१, पुढच्या पाच ५०.४. चाळीस गोळ्यांनंतर ४११.६. पाचव्यावरून तो तिसऱ्या क्रमांकावर आला होता, आणि तोही सर्वांत अवघड स्थितीत. शेवटचे दोघे बाहेर पडले. यापुढे दर गोळीला एक जण जाणार होता.

एकेचाळिसावी गोळी १०.५. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती ही. एकूण ४२२.१.

आणि मग ९.४.

या आकड्याचा अर्थ लागायचा तर दहा महिने मागे, सप्टेंबर २०२३ मधल्या हांगझोऊला जावं लागतं. आशियाई स्पर्धेत हाच प्रकार, हीच अंतिम फेरी. स्वप्निल बराच वेळ आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक गोळी ७.६ वर गेली. मध्यापासून सुमारे पावणेतीन सेंटीमीटर. तो चौथा आला. सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक पदक गेलं. त्याआधी २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. त्या चौथ्या क्रमांकाने भारताला पॅरिसची जागा मिळवून दिली, हे खरं, पण चौथा तो चौथाच. म्हणजे शातोरूला बेचाळिसावी गोळी झाडताना या माणसाच्या पाठीशी दोन चौथे क्रमांक होते, आणि त्यातला एक अगदी अशाच जागी, अशाच उभ्या स्थितीत हातातून निसटलेला होता.

अशा वेळी १०.५ नंतर ९.४ येतो. गोळी सुटताच नेमबाजाला ती कुठे गेली असावी ते बहुधा कळतं. पडदा फक्त शिक्का मारतो. त्या क्षणी आत काय होऊ शकतं याची कल्पना करणं अवघड नाही. हांगझोऊ परत आलं, हा एकच विचार पुरेसा होता. पुढच्या गोळीला फक्त पन्नास सेकंद. त्या पन्नास सेकंदांत त्याने ९.९ काढले. त्या गोळीनंतर त्याचे ४४१.४ होते आणि चेक प्रजासत्ताकाच्या यीर्झी प्रिव्रात्स्कीचे ४४०.७. फरक ०.७. प्रिव्रात्स्की चौथा, कुसाळेचं पदक पक्कं.

आता एक साधी वजाबाकी करून पाहावी. बेचाळिसाव्या गोळीला ९.४ च्या जागी हांगझोऊचे ७.६ असते तर एकूण बेरीज १.८ ने कमी झाली असती आणि ०.७ ची आघाडी केव्हाच बुडाली असती. उरलेल्या गोळ्या तशाच गेल्या असत्या तरी तो पदकाबाहेर असता. पदक १०.५ ने दिलं असं आपण म्हणतो. माझ्या वाचनात ते ९.४ ने दिलं. चूक झालीच, पण ती सव्वा सेंटीमीटरवर थांबली. पावणेतीनपर्यंत गेली नाही. मानसिक तयारीचं फळ मला या थांबण्यात दिसतं. अचूकता ही हजारो तासांच्या सरावाची देणगी; चुकीचं माप लहान ठेवणं आणि तिला पुढच्या गोळीत शिरू न देणं, हे मनाचं काम.

या प्रकाराचा इतिहासच असा आहे की तो माहीत असलेल्याला शेवटच्या गोळ्या बघवत नाहीत. अमेरिकेचा मॅट एमन्स हा त्याच्या पिढीतला थोर रायफलपटू. २००४ मध्ये अथेन्सला पालथ्या स्थितीतलं सुवर्ण त्याने जिंकलं होतं. थ्री पोझिशनमध्येही शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे होता. साधारण गोळी पुरेशी होती. त्याने गोळी झाडली, ती उत्तम गेली, पण शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर. शून्य गुण, सुवर्णावरून आठवा. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा तीच फेरी, पुन्हा तो आघाडीवर, पुन्हा शेवटची गोळी. निशाण मध्यावर येण्याआधीच ट्रिगर दाबला गेला. ४.४. चौथा क्रमांक. २०१२ मध्ये लंडनला शेवटच्या गोळीआधी रौप्य त्याच्या हातात होतं, ७.६ गेली आणि कांस्य मिळालं. हांगझोऊचाच आकडा, अकरा वर्षं आधीचा. त्या कांस्यपदकासाठी मला एमन्सविषयी फार आदर वाटतो. अथेन्स आणि बीजिंगनंतर त्या रेषेवर पुन्हा उभं राहणं हेच केवढं मोठं.

अथेन्सच्या त्या गोळीबद्दल एमन्सने नंतर जे सांगितलं ते मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी नेणारं वाटतं. एरवी तो आधी लक्ष्यावरचा लेनचा क्रमांक पाहायचा आणि मग रायफल खाली आणायचा. त्या वेळी तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता, आणि क्रमांक पाहायचा राहिला. शांत होण्याच्या प्रयत्नात नेहमीच्या कामातली एक पायरी गळली. आपण समजतो की दबावाखाली माणूस शांत राहिला की झालं. एमन्सचा अनुभव वेगळं सांगतो. शांत होणं हेच काम होऊन बसलं तर खरं काम मागे पडतं.

म्हणूनच आपल्याकडे रेंजवर, मैदानावर, परीक्षेच्या दारात जो एक उपदेश हमखास ऐकू येतो तो मला निरुपयोगी वाटतो: टेन्शन घेऊ नकोस. पालक तो मनापासून देतात, प्रशिक्षकही देतात. पण ज्याला टेन्शन आलं आहे त्याला यातून करायला काहीच मिळत नाही, उलट आता टेन्शन आल्याचंही टेन्शन. चांगला क्रीडामानसतज्ज्ञ याच्या उलट वागतो. तो खेळाडूला धडधडत्या छातीनेही करता येईल असं काहीतरी बारीकसं हातात देतो. अमुक क्रमाने श्वास. रायफल खांद्याला लागण्याआधीची ठरलेली नजर. गोळी सुटल्यावरही डोळा साइटवर क्षणभर ठेवणं. मनातल्या मनात एकच ठरलेला शब्द. हे सगळं रेंजवर, घरी भिंतीसमोर रिकाम्या रायफलीने, पुन्हा पुन्हा, इतकं करायचं की त्याला विचाराची गरज उरू नये. बाहेरून पाहणाऱ्याला हे फार कंटाळवाणं दिसतं, आणि ते आहेच कंटाळवाणं. मनाची तयारी म्हणजे प्रेरणादायी भाषणं ही कल्पना ज्यांनी करून घेतली आहे त्यांची इथे निराशाच होईल.

विज्ञानाने या कंटाळवाण्या कामाला भक्कम आधार दिला आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत ब्रॅड हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्णात रायफलपटूंच्या मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद केली. ट्रिगर दाबण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या डाव्या बाजूची वर्दळ कमी होताना दिसली. भाषा आणि विश्लेषण यांच्याशी ती बाजू जास्त जोडलेली मानतात. म्हणजे निष्णात नेमबाज गोळी सोडताना स्वतःशी बोलणं जवळपास थांबवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने दबावाखाली कौशल्य का कोसळतं याचा माग काढला. आपण हे कसं करतो आहोत याकडे माणूस लक्ष देऊ लागला की अंगवळणी पडलेली कृती बिघडते, असं त्याला आढळलं. दोन्ही एकत्र वाचलं की चित्र स्पष्ट होतं. पदक समोर दिसताच डोक्यातला बोलणारा जागा होतो आणि हाताच्या कामात सूचना देऊ लागतो. त्याला गप्प बस म्हटलं म्हणून तो बसत नाही. त्याला दुसरं छोटं काम द्यावं लागतं, आणि श्वास मोजणं हे त्यातलं सर्वांत जुनं काम.

पदकानंतर स्वप्निल याच श्वासाविषयी बोलला. फलकाकडे न पाहता श्वासावर लक्ष ठेवलं, नेहमीपेक्षा वेगळं काही करायला गेलो नाही, अशा आशयाचं. ऐकायला किती साधं. पण शेजारच्या लेनमधली माणसं एकेक करून निघून जात असताना, निवेदक आपलं नाव घेत असताना, डोकं वर करून फलक न पाहणं हा साधा निर्धार नसतो. तो शिकवलेला, घोटलेला संयम असतो. महेंद्रसिंग धोनी हा त्याचा आदर्श. तोही एके काळी रेल्वेत तिकीट तपासनीसच होता, म्हणून वृत्तपत्रांनी त्या योगायोगाची बातमी केली. पण स्वप्निलने त्याच्याकडून घेतला तो शांतपणा. धोनीच्या चेहऱ्यावरची शांतता आपण सगळे पाहतो; ती घ्यायची म्हणजे तिच्यामागची शिस्त घ्यायची, हे नेमबाजाला कळतं.

हा शांतपणा एकट्याने पिकत नाही. महाराष्ट्राच्या नेमबाजीत मनाच्या तयारीचा विचार बऱ्याच आधीपासून आहे, आणि त्याचं मोठं श्रेय नाशिकच्या भीष्मराज बाम यांना जातं. पोलीस सेवेतले अधिकारी, स्वतः पिस्तूल नेमबाज, आणि योगातल्या एकाग्रतेची सांगड आधुनिक क्रीडामानसशास्त्राशी घालणारे गुरू. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत अनेकांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. मानसशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड असणं, असं समजलं जायचं त्या काळात त्यांनी ‘विजयाचे मानसशास्त्र’ मराठीत लिहिलं. २०१७ मध्ये ते गेले. अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथ्या स्थितीत, जगज्जेती झाली, आणि अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या दीपाली देशपांडे पुढे स्वप्निलच्या प्रशिक्षक झाल्या. क्रीडा प्रबोधिनीच्या नाशिक केंद्रात स्वप्निलची नेमबाजी घडली. एका राज्यातल्या रायफलच्या या परंपरेत पिढ्यांनी एकमेकींना तंत्राबरोबर थरथर सांभाळायची विद्याही दिली, असं मला वाटतं. एखाद्या प्रशिक्षकाला स्वतः ऑलिम्पिकच्या रेषेवर उभं राहिल्याची आठवण असणं, याची किंमत कुठल्याही पदवीने भरून येणार नाही.

९.४, ९.९, १०.० ही चढण वाचताना मला सतत दुसरी एक चढण आठवते. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, दहा मीटर एअर रायफल. अभिनव बिंद्राच्या अंतिम फेरीतल्या दहा गोळ्या अशा: १०.७, १०.३, १०.४, १०.५, १०.५, १०.५, १०.६, १०.०, १०.२, १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण या दहा आकड्यांत आहे. मधले तीन सलग १०.५ पाहताना डोळे निवतात. मग आठवी गोळी १०.० वर येते. सुवर्ण दिसू लागण्याची ती वेळ, आणि नेमकी तिथेच घसरण. नववी १०.२. आणि दहावी १०.८, म्हणजे त्या फेरीतली त्याची सर्वोत्तम. शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनच्या हातून ९.७ गेली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पात्रतेचे गुण धरून बिंद्रा ७००.५, चीनचा झू चिनान ६९९.७, हॅकिनेन ६९९.४.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती, ती बिंद्राने आत्मचरित्रात सांगितली आहे. अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाची पहिली गोळी चारच्या आसपास गेली. साइट हललेली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या फेरीच्या तोंडावर ज्याची रायफल परकी झाली, त्याने हाताशी असलेल्या थोड्या वेळात साइटचे काटे फिरवत तिला पुन्हा आपलंसं केलं आणि पहिली गोळी १०.७ मारली. हे अचानक येत नाही. बीजिंगपूर्वी जर्मनीत त्याने चाळीस फूट उंचीच्या खांबावर चढण्याचा सराव केला होता. अर्ध्यावर पाय थिजले, तरी तो वर गेला. भीती गेली म्हणून वर गेला असं तो सांगत नाही. पाय थिजलेले असतानाही पुढची पायरी चढता येते हे त्याला कळलं. अथेन्सला २००४ मध्ये पात्रतेत तिसरा असूनही तो अंतिम फेरीत सातवा आला होता. त्या जखमेतून बाहेर पडताना त्याने मनाच्या तयारीवर जेवढा वेळ आणि पैसा ओतला, तेवढा तोवर कोणा भारतीय खेळाडूने ओतल्याचं ऐकिवात नाही.

बिंद्राच्या शेवटच्या तीन गोळ्या १०.०, १०.२, १०.८. कुसाळेच्या शेवटच्या तीन ९.४, ९.९, १०.०. दोन्हीकडे आधी घसरण, मग सावरणं, मग आणखी सावरणं. दर्जात फरक आहे. बिंद्राचा शेवट सुवर्णाचा आहे, एखाद्या थोर कृतीचा शेवट जसा तिच्या शिखरावर व्हावा तसा. कुसाळेचा शेवट तेवढा देखणा नाही, १०.० हा अंतिम फेरीतला साधा गुण, आणि चव्वेचाळिसाव्या गोळीला तो बाहेर पडला. युक्रेनचा सेर्ही कुलिश ४६१.३ वर रौप्य आणि चीनचा लिऊ युकुन ४६३.६ वर सुवर्ण घेऊन गेले. पण आतली चाल एकच आहे. एक गोळी बिघडली की पुढचीही बिघडते, ही भीतीची चाल. दोघांनी ती उलटी फिरवली.

आकड्यांवरून मन वाचायचं, तेही तीनच आकड्यांवरून, हा उतावळेपणा आहे असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. वाऱ्याची झुळूक, एखादं निराळं काडतूस, किंवा निव्वळ नशीब यांनीही गोळी दशांशाने सरकते. मी त्या तीन गोळ्यांतून स्वप्निलच्या डोक्यातले विचार सांगायला बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं की गुडघ्यावरच्या तीन मालिकांत जी चाल होती, ५०.८, ५०.९, ५१.६, तीच शेवटच्या तीन गोळ्यांत आहे. सुरुवातीच्या धडधडीत आणि शेवटच्या भीतीत एकाच माणसाने एकच काम केलं. एकदा झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. एकाच फेरीच्या दोन्ही टोकांना ते सापडतं तेव्हा तो स्वभाव असतो, आणि इतका पक्का स्वभाव घडवावा लागतो.

दुःख याचं की हे घडवणं आपल्याकडे अजूनही फार उशिरा सुरू होतं. पहिली मोठी स्पर्धा हरल्यावर, पहिला चौथा क्रमांक आल्यावर, मग कोणीतरी मानसतज्ज्ञाचं नाव सुचवतं. जिल्ह्याच्या रेंजवर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी ट्रिगर कसा दाबायचा ते शिकवतात. गोळी वाईट गेल्यावर पुढचे पन्नास सेकंद काय करायचं ते कोणी शिकवत नाही. ते शिकवायला फार पैसे लागत नाहीत. जाणता प्रशिक्षक लागतो आणि आठवड्यातला एक तास. आपल्या क्रीडा खात्याने, क्रीडा प्रबोधिनीने आणि संघटनांनी हा तास वेळापत्रकात घालावा, एवढी माझी मागणी आहे.

आणि वाचकांनी त्या अंतिम फेरीचं चित्रण मिळालं तर एकदा पुन्हा पाहावं. पदक आपलं आहे हे आता माहीत आहे, त्यामुळे फलक बघायची गरज नाही. गुडघ्यावरच्या पहिल्या मालिकेपासून सुरुवात करा, आणि बेचाळिसाव्या गोळीनंतर स्वप्निल रायफल पुन्हा खांद्याला लावतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा.